पर्यटन पदवीधरांची हॉटेलमधील नोकरीसाठी तयारी : कोणते काम आधी, कोणते नंतर

नागपुरात हॉटेलच्या फ्रंट ऑफिससाठी, म्हणजे स्वागतकक्षासाठी, मुलाखती घेताना पर्यटन विषयाचे पदवीधर दरवर्षी माझ्यासमोर येतात, आणि त्यांतले बहुतेक जण एकाच जागी अडखळतात. "कोणत्या विभागात काम करायचे आहे?" या पहिल्याच प्रश्नाला "कुठेही चालेल" असे उत्तर येते आणि पुढची दहा मिनिटे दोन्ही बाजूंना अवघड जातात. ही मुले हुशार असतात. चुकलेला असतो तो तयारीचा क्रम. निकाल लागतो, मित्राच्या बायोडेटात नाव बदलून तो दहा हॉटेलांत पाठवला जातो, मुलाखतीचे बोलावणे येते, आणि हॉटेलचे काम कसे चालते हे समजून घ्यायला सुरुवात होते ती त्यानंतर.

पर्यटनाच्या अभ्यासक्रमात स्थळांची माहिती, सहलींची आखणी आणि तिकीट आरक्षण भरपूर असते, परंतु हॉटेल हा विषय एखाददुसऱ्या पेपरपुरता येतो. हॉटेल मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्याने अनेक आठवडे प्रत्यक्ष हॉटेलात प्रशिक्षण घेतलेले असते, आणि त्याच जागेसाठी तो तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला असतो. हे अंतर भरून काढायला साधारण तीन ते चार महिने लागतात. म्हणून शेवटच्या सत्राची परीक्षा संपताच पुढील टप्पे याच क्रमाने सुरू करावेत. महाविद्यालयातील शिक्षकांनाही हा क्रम शेवटच्या सत्राच्या वेळापत्रकात बसवता येईल.

१. आधी विभाग ठरवा

पर्यटन पदवीधरासाठी चार दारे सर्वांत जवळची आहेत : आरक्षण, फ्रंट ऑफिस, ट्रॅव्हल डेस्क (पाहुण्यांच्या प्रवासाची व्यवस्था पाहणारा कक्ष) आणि विक्री. विक्रीमध्ये लग्ने, परिषदा आणि कंपन्यांच्या बैठकांसाठी बँक्वेट, म्हणजे समारंभाची दालने, विकण्याचे कामही येते. फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस आणि हाऊसकीपिंग हे विभागही खुले असतात, पण तिथे हाताचे कौशल्य आधी लागते. स्वयंपाकघराचा विचार वेगळे शिक्षण घेतल्याशिवाय करू नये.

विभागासोबत हॉटेलचा प्रकारही ठरवावा, कारण नागपूर आणि परिसरात दोन अगदी वेगळी कामे आहेत. वर्धा रोड, रामदासपेठ, सीताबर्डी येथील शहरी हॉटेलांत पाहुणा बहुधा कामानिमित्त येतो, एक-दोन रात्री राहतो आणि त्याला वेग हवा असतो. ताडोबा किंवा पेंचच्या परिसरातील रिसॉर्टमध्ये पाहुणा कुटुंबासह येतो, पहाटे सफारीला जातो, दुपारी परततो आणि त्याला बोलणारा, माहिती देणारा माणूस हवा असतो. रिसॉर्टमध्ये राहण्याजेवण्याची सोय अनेकदा होते, पण घरी जाणे महिन्यातून एखाद्या वेळीच जमते. ज्यांना गर्दीत सुचते त्यांनी शहर निवडावे. ज्यांना एकाच पाहुण्याशी तीन दिवस आपुलकीने वागणे जमते त्यांनी जंगलाकडे जावे.

निवड करण्यापूर्वी आपल्या घरीही स्पष्ट बोलून घ्यावे. फ्रंट ऑफिसमध्ये सकाळची, दुपारची आणि रात्रीची अशा तीन पाळ्या फिरत्या असतात, आणि साप्ताहिक सुटी रविवारी मिळेल याची आशा ठेवू नये. नोकरी लागल्यावर दुसऱ्या महिन्यात "घरचे रात्रपाळीला नाही म्हणतात" असे सांगणारे उमेदवार मी दरवर्षी पाहते, आणि त्यांचे नुकसान एका नोकरीपुरते राहत नाही, कारण शहरातले एचआर एकमेकांना ओळखतात.

तपासणी : "मला अमुक विभागात काम करायचे आहे, कारण…" हे वाक्य दोन कारणांसह मोठ्याने पूर्ण करता येते का? आले नाही तर पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.

२. बायोडेटा लिहिण्यापूर्वी फ्लोअरवर उभे राहा

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्यावा. किमान चार आठवडे, जमल्यास आठ, हॉटेलच्या आत काम केलेले असावे. त्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, महाविद्यालयाच्या पत्रावर ट्रेनी म्हणून जाणे. दुसरा, पदवीधरांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या नॅट्स या शिकाऊ उमेदवारी योजनेच्या पोर्टलवर नाव नोंदवून तिथे हॉटेलांच्या जागा आहेत का ते पाहणे. ही शिकाऊ उमेदवारी १९६१ च्या कायद्याखाली येते आणि त्यात विद्यावेतन मिळते. तिसरा मार्ग सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे : लग्नसराईत बँक्वेटमध्ये कॅज्युअल म्हणून रोजावर काम करणे. पदवीधर मुलांना हे कमीपणाचे वाटते, पण पाचशे पाहुण्यांच्या बुफेवर सलग सहा तास उभे राहिलेला उमेदवार मुलाखतीत बसल्याबरोबर ओळखू येतो.

जाण्यापूर्वीची तयारी साधी आहे. टाचेचा आवाज न करणारे काळे, बंद, चामड्याचे बूट घ्यावेत आणि ते घरी आठवडाभर घालून सैल करून घ्यावेत. पहिल्याच दिवशी नवे बूट घातलेली मुले दुपारपर्यंत लंगडतात. काळे मोजे, कापलेली नखे, बांधलेले किंवा कापलेले केस आणि अगदी सौम्य सुगंध एवढे पुरे. दाढीबाबत प्रत्येक हॉटेलचा नियम वेगळा असतो, तो आधी विचारून घ्यावा.

आत गेल्यावर खिशात मावणारी वही ठेवावी आणि रोज पाळी संपल्यावर पुढील गोष्टींपैकी किमान तीन टिपून ठेवाव्यात : पाळी बदलताना काय काय हवाली केले गेले, ब्रीफिंगमध्ये कोणत्या पाहुण्यांविषयी सूचना दिल्या, खोली रिकामी झाल्यापासून ती पुन्हा विकायला तयार होईपर्यंत किती वेळ गेला आणि मध्ये ती कोणाच्या हातून गेली, केओटी (स्वयंपाकघराला पाठवायची ऑर्डरची चिठ्ठी) कोणी लिहिली आणि चुकल्यावर ती कोणी रद्द केली, पाहुण्याने कशाची तक्रार केली आणि ती कुठे नोंदली गेली. "खोली रिकामी आहे" आणि "खोली तयार आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुस्तकातून कळत नाही. रिकामी पण न झाडलेली खोली पाहुण्याला दिली गेल्यावर जे होते ते एकदा पाहिले की हा फरक आयुष्यभर लक्षात राहतो. माझ्या पहिल्या वर्षी माझ्याच हातून अशी किल्ली दिली गेली होती. दमलेले वृद्ध दांपत्य खोलीत गेले, अस्ताव्यस्त पलंग पाहून सामानासह परत खाली आले आणि लॉबीत पाऊण तास बसून राहिले. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. त्या दिवसापासून हाऊसकीपिंगला फोन करून खात्री केल्याशिवाय मी किल्ली हातात घेतलेली नाही.

सावधान : प्रशिक्षण किंवा नोकरी मिळवून देण्यासाठी 'डिपॉझिट' किंवा 'रजिस्ट्रेशन'चे पैसे मागणाऱ्यास एक रुपयाही देऊ नये. लेखी पत्राशिवाय ट्रेनी म्हणून राबू नये, कारण शेवटी अनुभवाचे प्रमाणपत्र त्याच पत्राच्या आधारावर मिळते. मुलींनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात : रात्री उशिरा सुटल्यास घरी सोडण्याची व्यवस्था आहे का, आणि लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे कुठे लावली आहेत. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी २०१३ च्या कायद्याने ही समिती बंधनकारक आहे, त्यामुळे हे विचारण्यात संकोच नको.

३. हॉटेलचे शब्द आणि हिशेब पाठ नको, समजलेले हवेत

फ्लोअरवर असतानाच संध्याकाळी हा अभ्यास करावा, म्हणजे सकाळी ऐकलेला शब्द रात्री पक्का होतो.

जेवणाच्या योजनांपासून सुरुवात करावी. ईपी म्हणजे फक्त खोली, सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, मॅप म्हणजे नाश्ता आणि एक मुख्य जेवण, एपी म्हणजे सर्व जेवणे. शहरी हॉटेलांत सीपीची चलती असते आणि जंगलाजवळच्या रिसॉर्टमध्ये एपीची, कारण तिथे पाहुण्याला जेवायला जवळपास दुसरी जागा नसते. आरक्षण घेताना योजनेचा उल्लेख राहिला की भांडण चेकआउटच्या वेळी होते.

त्यानंतर तीन आकडे. समजा, हॉटेलात ६० खोल्या आहेत, काल ४५ विकल्या गेल्या आणि खोल्यांचे उत्पन्न १,८०,००० रुपये झाले. ऑक्युपन्सी, म्हणजे विकलेल्या खोल्यांचे प्रमाण, ७५ टक्के. सरासरी दर, म्हणजे एडीआर, १,८०,००० भागिले ४५, म्हणून ४,००० रुपये. रेव्हपार, म्हणजे हॉटेलच्या प्रत्येक खोलीमागचे उत्पन्न, मात्र १,८०,००० भागिले ६०, म्हणून ३,००० रुपये. उमेदवार इथे हमखास चुकतात आणि रेव्हपार काढतानाही विकलेल्या खोल्यांनीच भागतात. न विकलेली खोलीही हॉटेलची आहे आणि तिचे आजचे उत्पन्न कायमचे बुडाले आहे, हे ध्यानात ठेवले तर भाजक चुकत नाही.

कराची माहिती ताजी असावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून दररोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढे १८ टक्के. जुन्या नोट्समध्ये अजून १२ टक्के लिहिलेले आढळते आणि मुलाखतीत तेच उत्तर येते.

ओळखपत्रांबाबत दोन नियम पक्के करावेत. पॅनकार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते चेक-इनसाठी पुरेसे धरले जात नाही. आधार, पासपोर्ट, वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र मागावे, आणि खोलीत राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे मागावे. विदेशी पाहुणा असल्यास पासपोर्ट व व्हिसा तपासून, हॉटेलांत ज्याला सी-फॉर्म म्हणतात ती माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. दीक्षाभूमीच्या दर्शनासाठी आणि व्याघ्रप्रकल्पांसाठी विदेशी पाहुणे नागपुरात येतात, त्यामुळे हे काम इथे कधीतरी पडणारे नाही.

एक गोष्ट पर्यटनाच्या विद्यार्थ्यांना विशेष जड जाते, ती म्हणजे हॉटेलची तारीख. १५ तारखेला पहाटे पाचला रेल्वेने उतरणाऱ्या पाहुण्याला लगेच खोली हवी असेल, तर आरक्षण १४ तारखेपासून लागते, कारण हॉटेलच्या हिशेबात ती १४ ची रात्र आहे. सहलीची आखणी करणारा १५ लिहितो आणि पाहुणा दुपारपर्यंत लॉबीत बसून राहतो.

तपासणी : वरील उदाहरणातील आकडे बदलून, कॅल्क्युलेटरशिवाय, दोन मिनिटांत तीनही उत्तरे काढून पाहावीत.

४. बोलण्याचा सराव : रोज अर्धा तास, पाच आठवडे

इंग्रजी कच्चे आहे म्हणून मागे राहिलेले उमेदवार मी कमी पाहिले आहेत. कोणत्याच भाषेत पूर्ण, विनयशील आणि निश्चित वाक्य न बोलणारे पुष्कळ पाहिले आहेत. नागपुरात तीन भाषा लागतात. "काम करून राहिलो" ही आपली बोली गोड आहे आणि विदर्भातल्या पाहुण्याला ती आपलीशीही वाटते, पण फोनवर आणि परगावच्या पाहुण्याशी प्रमाण मराठी किंवा हिंदी सहज यायला हवी. "हो जाएंगा" हा आपल्याकडचा हिंदी प्रयोग आधी सुधारावा. त्यातल्या व्याकरणापेक्षाही मोठा दोष असा, की त्यात वेळ सांगितलेली नसते.

सरावासाठी वीस प्रसंग लिहून काढावेत आणि मित्रासमोर उभे राहून, आळीपाळीने पाहुणा आणि कर्मचारी होऊन करावेत. मे महिन्यातली रात्र घ्या. बाहेर पारा दिवसभर ४५ च्या आसपास होता आणि साडेअकराला फोन येतो की खोलीतला एसी थंड करत नाही. "मेंटेनन्सला सांगतो" एवढे म्हणून फोन ठेवणे हे नेहमीचे चुकीचे उत्तर. योग्य उत्तराचा क्रम असा आहे : तक्रार पूर्ण ऐकणे, मध्ये न बोलणे, त्रासाबद्दल मनापासून क्षमा मागणे, कोण येणार आणि किती मिनिटांत येणार हे सांगणे, आपण पुन्हा कधी फोन करणार तेही सांगणे, आणि त्या मिनिटाला खरोखर फोन करणे. "साहेब, उकाड्यात आपल्याला त्रास झाला, क्षमा करा. आमचे तंत्रज्ञ दहा मिनिटांत येतील, आणि पंधरा मिनिटांनी मी आपल्याला फोन करते" एवढे बोलणे पुरते.

दुसरी खोली देण्याचे वचन घाईने देऊ नये. आधी तयार खोली आहे का ते पाहावे आणि ड्युटी मॅनेजरची संमती घ्यावी. दिलेले वचन मोडले गेले तर मूळ तक्रारीपेक्षा तेच पाहुण्याच्या मनात राहते.

इतर प्रसंगांत आरक्षण सापडत नाही, बिलात न घेतलेली पाण्याची बाटली लागली आहे, जैन जेवण हवे आहे, लग्नाच्या पार्टीचा आवाज झोपू देत नाही, ओळखपत्र द्यायला पाहुणा तयार नाही, हे नक्की घ्यावेत. आपले बोलणे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ऐकावे. पहिल्या आठवड्यात ते ऐकवत नाही, तरीही ऐकावे.

५. पर्यटनाचे ज्ञान हॉटेलच्या उपयोगाचे करा

हॉटेल मॅनेजमेंटच्या उमेदवाराकडे नसलेले आणि तुमच्याकडे असलेले भांडवल ते हेच, आणि मुलाखतीत तेच लपवले जाते. "मला ताडोब्याची माहिती आहे" म्हणून भागत नाही. प्रत्येक स्थळाचे एक पान तयार करावे आणि त्यावर पाहुण्याला उपयोगी पडेल तेवढेच लिहावे.

ताडोब्याचे पान असे असेल : मोहर्ली गेट नागपूरहून सुमारे तीन तासांच्या अंतरावर, मंगळवारी सफारी बंद, कोअर क्षेत्र पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, बंद, आरक्षणातील नाव व ओळखपत्र तंतोतंत जुळायला हवे आणि मूळ ओळखपत्र सोबत हवे. याच पानाच्या खालच्या भागात हॉटेलची कामे लिहावीत. पाहुण्याला सकाळच्या सफारीला नागपूरहूनच निघायचे असेल तर त्याला रात्री अडीचच्या सुमारास निघावे लागेल. म्हणजे बिल आदल्या रात्री करून ठेवायचे, नाश्त्याचे पॅकेट संध्याकाळीच स्वयंपाकघराला सांगायचे, उठवण्याचा फोन रात्रपाळीच्या नोंदवहीत लिहायचा, आणि मुख्य म्हणजे आदली रात्र गेटजवळ राहणे अधिक सोयीचे होईल हा प्रामाणिक सल्ला द्यायचा, जरी त्यात आपली एक खोली कमी विकली जात असली तरी. असा सल्ला मिळालेला पाहुणा परतीच्या मुक्कामाला तुमच्याकडेच येतो.

याच पद्धतीने पेंच, उमरेड-कऱ्हांडला, रामटेक, सेवाग्राम आणि दीक्षाभूमीची पाने करावीत. पेंचच्या पानावर महाराष्ट्राच्या बाजूचे सिल्लारी आणि मध्य प्रदेशच्या बाजूचे तुरिया ही गेटे वेगळी दाखवावीत, कारण दोन्हींचे आरक्षण वेगळे असते आणि चुकीच्या गेटवर पोहोचलेल्या पाहुण्याची सफारी बुडते. सोबत वर्षाचा एक तक्ता करावा : अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि परिसरातील रस्ते वळवले जातात, डिसेंबरमध्ये विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनामुळे खोल्या मिळत नाहीत, लग्नाच्या तिथींना बँक्वेट भरलेले असतात, एप्रिल-मे मध्ये उन्हाची पर्वा न करता व्याघ्रदर्शनासाठी पाहुणे येतात. हा तक्ता मुलाखतीत पुढे ठेवणारा उमेदवार आरक्षण आणि विक्रीसाठी लगेच विचारात घेतला जातो.

सावधान : वेळा, शुल्क आणि बंदचे दिवस बदलतात. मुलाखतीच्या आदल्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा पडताळावेत.

६. कागदपत्रे आणि बायोडेटा

बायोडेटा आता लिहावा, आणि एकाच पानाचा. वर विभागाचे नाव, त्याखाली फ्लोअरवरचा अनुभव, मग भाषा, मग शिक्षण. "मेहनती, प्रामाणिक" ही विशेषणे काढून त्या जागी "सहा आठवडे बँक्वेट सर्व्हिस, ३०० ते ५०० पाहुण्यांचे कार्यक्रम" असे लिहावे, अर्थात ते खरे असेल तरच. आधार, पॅन, बँक खाते आणि गुणपत्रिका यांवरील नावाचे स्पेलिंग एकच आहे का ते पाहावे. ते वेगळे असल्यास भविष्य निर्वाह निधीचे खाते अडते, आणि दुरुस्तीला लागणारा वेळ नोकरी लागल्यावर मिळत नाही.

७. अर्ज आणि मुलाखत

दसऱ्यापासून सुरू होणाऱ्या हंगामासाठी माणसे हवी असतात, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अर्ज करणे फायद्याचे. प्रत्यक्ष जायचे असेल तर दुपारी तीन ते पाच या वेळेत, आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे. सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान काउंटरवर चेकआउटची गर्दी असते, आणि त्या वेळी बायोडेटा पुढे करणाऱ्याला हॉटेलचे कामकाज माहीत नाही हे तिथेच कळते.

"हॉटेल मॅनेजमेंट का केले नाही?" हा प्रश्न येतोच. त्यावर क्षमा मागू नये आणि सबबही सांगू नये. "मी पर्यटन शिकलो, पाहुणा कशासाठी येतो हे मला माहीत आहे, आणि हॉटेलचे काम शिकण्यासाठी मी सहा आठवडे फ्लोअरवर होतो" असे सरळ सांगून वही आणि स्थळांची पाने समोर ठेवावीत. पाळीच्या प्रश्नाला होकार द्यायचा असेल तर तो विनाअट द्यावा. अनेक हॉटेले त्यानंतर एक-दोन दिवसांची ट्रायल घेतात. त्यात वेग पाहिला जात नाही, न कळलेले विचारता की गप्प राहता हे पाहिले जाते.

८. नियुक्तीपत्र वाचून सही करा

सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) आणि हातात येणारी रक्कम यांतला फरक लेखी मागावा. भविष्य निर्वाह निधी कापला जाणार का, दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असल्यास कर्मचारी राज्य विमा लागू आहे का, ड्युटीवरचे जेवण आणि गणवेशाची धुलाई कोणाकडे, ब्रेक शिफ्ट असते का, हे विचारावे. ब्रेक शिफ्ट म्हणजे सकाळी चार तास, मधे रिकामा वेळ आणि पुन्हा संध्याकाळी चार तास. घर हिंगणा किंवा कामठीला असेल तर तो मधला वेळ प्रवासात जातो आणि दिवस चौदा तासांचा होतो.

सावधान : पडताळणीसाठी मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, पण हॉटेलकडे जमा करू नयेत.

९. पहिले नव्वद दिवस

एवढ्या तयारीनंतरही मुले सर्वांत जास्त गळतात ती इथे, आणि बहुधा दिवाळीच्या सुटीवरून. हंगाम नेमका त्याच दिवसांत असतो. रुजू होतानाच घरच्यांना हे सांगावे आणि सुटी हवी असल्यास रोस्टर (पाळ्यांचा तक्ता) लागण्याच्या आधी मागावी, लागल्यानंतर नव्हे.

रोज पाळीच्या पंधरा मिनिटे आधी पोहोचून नोंदवही वाचावी. पहिल्या महिन्यात एकट्याने रोकड हाताळू नये. हाताळावी लागल्यास हवाली करताना समोर मोजून सही घ्यावी. आपली चूक झाली तर पाहुण्याकडून तक्रार येण्याआधी वरिष्ठांना स्वतः सांगावी. दुसऱ्या महिन्यात रात्रपाळी मागून घ्यावी, कारण नाइट ऑडिटमध्ये दिवसभराचा सगळा हिशेब एकाच ठिकाणी पाहायला मिळतो. नव्वदाव्या दिवसाच्या आसपास विभागप्रमुखांकडे दोन गोष्टी लेखी मागाव्यात : आपल्या कामाचा अभिप्राय, आणि शेजारच्या एका विभागात, शक्यतो आरक्षणात किंवा हाऊसकीपिंगमध्ये, पंधरा दिवसांचे क्रॉस ट्रेनिंग. हा अर्ज नेताना पहिल्या दिवसापासूनची वही सोबत न्यावी, म्हणजे काय शिकून झाले आहे आणि काय राहिले आहे यावर पाने उलटत नेमके बोलता येते.